टिशूचा ऊस खरंच बिघडतो का?

बेळगावहून वेंगुर्ला रस्त्यानं हिंडलगा, सुळगा मागे टाकून उचगावच्या शिवारात शिरलं की भाताच्या खाचरांखेरीज तीन पिकं ठळक दिसतात: ऊस, रताळी आणि बटाटा. यांतलं एकही पीक शेतकरी बी पेरून घेत नाही. उसाची टिपरी लावायची, रताळ्याचा वेल तोडून वरंब्यात खोचायचा, बटाट्याचा कंद मातीआड करायचा. म्हणजे एकाच रोपाचे तुकडे पिढ्यान्‌पिढ्या या रानातून त्या रानात फिरत राहतात. टिशू कल्चर, ज्याला पुस्तकात ऊतिसंवर्धन म्हणतात, ते याच जुन्या रीतीचं प्रयोगशाळेतलं रूप आहे. टिपरीऐवजी कोंबाचं टोक घ्यायचं आणि मातीऐवजी बाटलीतलं खाद्य द्यायचं.

तरीही या रोपांविषयी बांधावर दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, टिशूचं रोप म्हणजे शंभर टक्के खात्रीचं, डोळे झाकून लावा. दुसरा म्हणतो, "टिशूचा ऊस बारीक पडालाय बघा, जातच बिघडालीय." दोन्ही मतांत तथ्याचा अंश आहे आणि तरी दोन्ही चुकतात, कारण दोघंही टिशूच्या सगळ्या रोपांना एकाच रांगेत बसवतात. रोप कोणत्या पेशीपासून झालं, मधल्या टप्प्यावर पेशींचा अस्ताव्यस्त गोळा वाढू दिला का, आणि बाटलीत किती फेऱ्या झाल्या, या तीन गोष्टींवर रोपाची गुणसूत्रं शाबूत राहतात की नाही हे ठरतं. ते न विचारता दिलेला कोणताही निवाडा, स्तुतीचा असो की निंदेचा, शेतकऱ्याच्या कामाचा नाही.

"टिशूची सगळी रोपं हुबेहूब सारखीच असतात"

हा समज रोपं विकणाऱ्यांनी पसरवला हे खरं, पण एके काळी शास्त्रज्ञांचीही साधारण हीच अपेक्षा होती. ती मोडली तंबाखूनं. निपाणी म्हटलं की आपल्याला विडीची तंबाखू, वखारी आणि १९८१ चं शेतकऱ्यांचं आंदोलन आठवतं. पण जगभरच्या टिशू कल्चरचा पाया याच झाडावर घातला गेला, हे निपाणीतही फार जणांना ठाऊक नसतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात फोक स्कूग आणि कार्लोस मिलर यांनी तंबाखूच्या खोडातल्या गाभ्याचे तुकडे घेतले. ऑक्सिन आणि सायटोकायनिन या दोन वाढसंप्रेरकांचं आपसातलं प्रमाण बदललं की त्याच पेशींना एकदा मुळं फुटतात, एकदा कोंब, हे त्यांनी १९५७ साली दाखवून दिलं. पुढे १९६२ साली तोशिओ मुराशिगे आणि स्कूग यांनी तंबाखूच्याच ऊतींसाठी क्षारांचं एक मिश्रण प्रसिद्ध केलं. त्या दोघांच्या आद्याक्षरांवरून ते 'एमएस' म्हणून ओळखलं जातं आणि आजही केळीपासून उसापर्यंत बहुतेक प्रयोगशाळांच्या बाटल्यांत तेच असतं.

तंबाखूच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असतात. दोन रानटी जातींच्या संकरातून ती आली आहेत, प्रत्येकीची २४. खोडाचा तुकडा बाटलीत ठेवला की जखमेच्या कडेनं पेशी वाढू लागतात आणि फिकट, ठिसूळ असा गोळा तयार होतो. त्याला कॅलस म्हणतात. महिन्या-महिन्यानं हा गोळा फोडून ताज्या खाद्यावर ठेवला की तो वर्षानुवर्षं वाढवता येतो. पण साठच्या दशकात अशा जुन्या गोळ्यांतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या गेल्या तेव्हा ४८ चा हिशेब जुळेना. कुठे दुप्पट, कुठे चौपट, कुठे अधलीमधलीच संख्या. आणि गोळा जितका जुना, तितकी त्याची कोंब फुटण्याची ताकद कमी. १९६९ साली जर्मनीत साक्रिस्तान आणि मेल्शर्स यांनी अशा गोळ्यांपासून उभी केलेली रोपं तपासली, तर गुणसूत्रांचा हा गोंधळ रोपांतही उतरलेला दिसला.

याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत. पहिलं कारण बाटलीच्या आधीचं आहे. उभ्या झाडातही सगळ्या पेशींत गुणसूत्रांची संख्या सारखी नसते. खोडाच्या गाभ्यातल्या अनेक पेशी मोठ्या होताना विभागत नाहीत, आतल्या आत गुणसूत्रं मात्र दुप्पट करतात. झाडात त्यांना नवं रोप होण्याची संधी कधी मिळत नसते. गाभ्याचा तुकडा बाटलीत घातला की ती मिळते. दुसरं कारण बाटलीतलं. कॅलस करण्यासाठी बहुतेक वेळा २,४-डी वापरतात. हे नाव आपल्या भागातल्या ऊस उत्पादकाला नवं नाही, रुंद पानाच्या तणावर फवारायचं तेच ते औषध. लिटरला दोन-तीन मिलिग्रॅम एवढ्या बारीक मात्रेत ते पेशीला मारत नाही, भराभर विभागायला लावतं. कोंबाच्या टोकाशी पेशींची विभागणी शिस्तीत चालते, कुठल्या बाजूला विभागायचं हे ठरलेलं असतं. गोळ्यात ती शिस्त नसते. एखादं गुणसूत्र विभागणीच्या वेळी मागे रेंगाळतं आणि कुठल्याच पेशीत पोहोचत नाही. काही गुणसूत्रांचे घट्ट गुंडाळलेले भाग उशिरा दुप्पट होतात. पेशी घाईनं विभागली तर ते भाग ताणले जाऊन तुटतात.

काळ किती महत्त्वाचा हे ओटच्या एका अभ्यासात नेमकं दिसलं. अमेरिकेत मॅकॉय, फिलिप्स आणि राइन्स यांनी १९८२ साली ओटच्या दोन वाणांच्या कॅलसपासून केलेली रोपं तपासली. 'लोडी' या वाणात कॅलस चार महिन्यांचा असताना ४९ टक्के रोपांत गुणसूत्रांचा दोष होता, वीस महिन्यांनी तो ८८ टक्क्यांवर गेला. 'टिपेकनू' या दुसऱ्या वाणात तेच आकडे १२ आणि ४८ टक्के होते. म्हणजे पद्धत तीच असूनही वाणावाणांत मोठा फरक, आणि दोन्हींत वयाबरोबर वाढ. बिघडलेल्यांपैकी बऱ्याच रोपांत अख्खं गुणसूत्र हरवलेलं नव्हतं, त्याचा तुकडा गेला होता. नुसती संख्या मोजून समाधान मानणाऱ्याला असं रोप ठीकच वाटलं असतं.

आता दुसरी वाट. कोंबाचं अगदी टोक, मिलिमीटरचाही काही अंश, किंवा उसाचा डोळा घ्यायचा, त्याला गोळा होऊ न देता थेट फुटवे आणायचे, ते वेगळे करून पुन्हा फुटवे आणायचे आणि शेवटी मुळ्या. या वाटेत पेशींची मूळची रचना मोडत नाही आणि टोकाच्या पेशी गुणसूत्रांच्या बाबतीत झाडातल्या सगळ्यांत स्थिर पेशींपैकी असतात. शेतकऱ्यांना द्यायचं उसाचं आणि केळीचं रोप याच वाटेनं यायला हवं. तरीही फेऱ्या वाढल्या की इथंही वेगळी रोपं निघतात. केळीत बुटकी आणि पानाचा आकार बदललेली रोपं हा सगळ्यांत ओळखीचा प्रकार, म्हणून चांगल्या प्रयोगशाळा साधारण आठाच्या पुढे फेऱ्या नेत नाहीत आणि पुन्हा नव्या, तपासलेल्या मातृरोपापासून सुरुवात करतात. हुबेहूब सारखेपणा ही टिशू कल्चरची उपजत देणगी नाही. कोणीतरी रोज काळजी घेतली तरच तो टिकतो.

"ऊस बारीक पडला, फुटवे गवतासारखे आले, म्हणजे गुणसूत्रं बिघडली"

आपल्या भागात सगळ्यांत जास्त नुकसान या समजानं होतं, म्हणून इथं थोडं थांबतो.

टिशूच्या रोपांची पहिली लावण नेहमीच्या टिपरीच्या लावणीसारखी दिसत नाही. बाटलीत फुटवे वाढावेत म्हणून रोपांना सायटोकायनिन दिलेलं असतं. त्याचा परिणाम रानात आल्यावरही काही काळ राहतो. एका बेटाला फुटवे भरपूर येतात, साहजिकच प्रत्येक ऊस जरा बारीक राहतो, कांड्या आखूड वाटतात. यात गुणसूत्रांचा काहीही संबंध नाही. त्याच बेटाचं बेणं घेऊन पुढच्या हंगामात लावलं की ऊस आपल्या मूळ जाडीवर येतो. जो बदल डोळ्यातून पुढच्या लावणीत जात नाही, तो वाणाचा बिघाड नव्हे.

यामुळेच टिशूची रोपं थेट कारखान्याला घालायच्या उसासाठी लावणं ही मुळातच चुकीची निवड आहे. ही रोपं बेणेमळ्यासाठी असतात. प्रयोगशाळेतल्या रोपांपासून मूलभूत बेणं, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित, अशा तीन पायऱ्या उतरल्यावर ते शेतकऱ्याच्या लावणीत यावं ही पद्धत. पहिल्याच वर्षी टनेज पाहून टिशूला नावं ठेवणारा आणि पहिल्याच वर्षीच्या फुटव्यांच्या गर्दीवर भाळून टिशूची वाहवा करणारा, दोघंही चुकीच्या पायरीवर उभे राहून हिशेब करतात.

दुसरा घोळ रोगाचा. गवताळ वाढ हा उसाचा रोग फायटोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्मजीवामुळे होतो, बेण्यातून पसरतो आणि किडींमुळेही. त्यात बेटातून पांढुरकी, फिकट पानांची असंख्य बारीक फूट निघते आणि गाळायला ऊसच तयार होत नाही. पानांचा हा फिकेपणा ही ओळखण्याची खूण. टिशूच्या निरोगी रोपाची फूट दाट असली तरी हिरवीगार असते. गवताळ वाढीचं बेट "टिशूत हे असंच येतं" म्हणून रानात ठेवलं तर पुढच्या बेण्यातून रोग सगळीकडे जातो. आणि निरोगी बेट "गवताळ वाढ आली" म्हणून उपटलं तर पैसे देऊन आणलेलं रोप बांधावर वाळतं.

खरा आनुवंशिक बदल कसा दिसतो? एखाद-दुसरं बेटच वेगळं असतं, सगळं रान नव्हे. पानांवर कायमचे पांढरे-पिवळे पट्टे, खुजेपणा, कांडीचा बदललेला रंग, डोळ्याचा वेगळा आकार, पाचट सहज न सुटणं, अशा खुणा. आणि सगळ्यांत महत्त्वाची कसोटी म्हणजे त्या बेटाच्या एक डोळा टिपऱ्या वेगळ्या कुंड्यांत किंवा एका सरीत लावल्या की तोच वेगळेपणा पुन्हा उगवतो. सगळं रान बारीक पडलं असेल तर आधी पाणी, अंतर, खत आणि लावणीची तारीख तपासावी. गुणसूत्रं सगळ्या रानात एकाच वेळी एकाच प्रकारे बिघडणं फार दुर्मीळ.

"गुणसूत्रांत बदल म्हणजे पिकाचा सत्यानाश"

असं असतं तर ऊस हे पीकच आपल्याला मिळालं नसतं. जाड, गोड, रसाळ उसाची मूळ जात सॅकरम ऑफिसिनेरम, तिच्यात ८० गुणसूत्रं. नदीकाठी गवतासारखा वाढणारा काटक रानटी ऊस म्हणजे सॅकरम स्पॉन्टॅनियम, त्याच्या कोइमतूरकडच्या प्रकारात ६४. नेहमीच्या हिशेबानं दोघांच्या संकरात निम्मी निम्मी, म्हणजे ४० आणि ३२ मिळून ७२ गुणसूत्रं यायला हवीत. प्रत्यक्षात जाड उसाच्या बाजूनं पुरी ८० उतरतात आणि बेरीज ११२ होते. कोइमतूरला १९१२ साली ऊस पैदास केंद्र सुरू झालं, तिथं बार्बर आणि वेंकटरामन यांनी या संकरातून १९१८ साली को २०५ हा वाण दिला. आज आपल्या रानात उभा असलेला को ८६०३२ त्याच कोइमतूरचा. 'को' ही अक्षरं त्या गावाचीच. याच केंद्रात तीसच्या दशकात जानकी अम्माळ यांनी उसाच्या गुणसूत्रांवर काम केलं. पुढे त्यांनी सी. डी. डार्लिंग्टन यांच्याबरोबर लागवडीखालच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा संग्रह ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध केला. भारतीय स्त्रीनं त्या काळात केलेलं हे काम आपल्या शाळांत शिकवलं जायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आजच्या उसात साधारण १०० ते १३० गुणसूत्रं असतात आणि प्रत्येक प्रकारच्या बऱ्याच प्रती. त्यामुळे एखादं कमी झालं तरी काम अडत नाही, भांगलणीच्या टोळीतली एक बाई आली नाही म्हणून सरी अर्धी राहत नाही तसं. हवाई बेटांवर डॉन हाइन्झ आणि ग्रेस मी यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस उसाच्या कॅलसपासून रोपं उभी केली, तेव्हा संख्या रोपागणिक वेगळी निघाली. त्यांनी घेतलेल्या वाणांतला एक तर मुळातच पेशीपेशीत वेगवेगळी संख्या असलेला होता, बाटलीत जाण्याआधीपासून. रोपं मात्र उभी राहिली, वाढली. तांदळात हे चालत नाही. भाताच्या पेशीत २४ गुणसूत्रं, प्रत्येकाच्या दोनच प्रती. तिथं एक हरवलं की रोप सहसा खुरटतं किंवा ओंबी पोचट राहते. उसावरून भाताचा आणि भातावरून उसाचा निष्कर्ष काढू नये तो यासाठी.

याच बदलांचा पिकासाठी उपयोग करता येईल ही कल्पना उसातूनच पुढे आली. फिजी रोगाला बळी पडणाऱ्या वाणाच्या कॅलसपासून केलेल्या रोपांत काही रोगाला दाद न देणारी निघाली. १९८१ साली ऑस्ट्रेलियातल्या लार्किन आणि स्कोक्रॉफ्ट यांनी असे विखुरलेले अनुभव एकत्र करून या बदलांना 'सोमाक्लोनल व्हेरिएशन' असं नाव दिलं. त्यानंतर जगभर शेकडो प्रयोग झाले. बहुतेक फसले, कारण उपयोगी बदल हजारांत एखादाच आणि तोही पुढच्या पिढीत टिकेल याची खात्री नाही. तैवाननं मात्र चिकाटीनं पनामा रोगाला तोंड देणारी केळी याच मार्गानं मिळवली.

आपल्या जवळचं उदाहरण उसाचंच आहे. कोसी ६७१, ज्याला महाराष्ट्रात वसंत-१ म्हणतात, तो लवकर पक्व होणारा, भरपूर साखरेचा वाण. कारखान्यांचा लाडका, पण लाल कुज रोगापुढे हतबल. कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात एन. सी. जलजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच वाणापासून टिशू कल्चरनं रोपं उभी केली. त्यांतल्या वेगळ्या रोपांची शेतात वर्षानुवर्षं निवड करत एक वाण निघाला, को ९४०१२. महाराष्ट्रात तो फुले सावित्री या नावानं लागवडीला आला. इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. बाटलीतला बदल आपोआप वाण होत नाही. आधी बाटलीतून मुद्दाम वेगळेपणा मिळवायचा, मग वर्षानुवर्षं रानात, वेगवेगळ्या ठिकाणी, लावण आणि खोडवा दोन्हींत त्याची परीक्षा घ्यायची. बेणे तयार करणारी प्रयोगशाळा आणि नवा वाण शोधणारी प्रयोगशाळा यांचं काम एकमेकांच्या अगदी उलट आहे. पहिलीनं बदल टाळायचा, दुसरीनं शोधायचा. पहिलीकडून निघालेलं वेगळं रोप "नवीन सुधारित वाण" म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर त्याला हात जोडावेत.

"टिशू म्हणजे जीएम, बाहेरचं जनुक घातलेलं"

नाही. टिशू कल्चरमध्ये बाहेरचं जनुक घातलं जात नाही. गोंधळ होतो तो असा: जनुकीय बदल केलेलं पीक तयार करायचं तर बदललेल्या एका पेशीपासून रोप उभं करावं लागतं आणि त्यासाठी टिशू कल्चर लागतं. २००२ साली भारतात मंजूर झालेल्या बीटी कापसाचा मूळ धागा अशाच बाटलीतून गेलेला. पण केळीचं, उसाचं किंवा बटाट्याच्या बेण्याचं टिशूचं रोप म्हणजे त्याच झाडाचा भाग.

आणि उचगावकरांसाठी एक माहिती. २०१५ साली शास्त्रज्ञांनी रताळ्याच्या २९१ लागवडीखालच्या नमुन्यांत मातीतल्या अ‍ॅग्रोबॅक्टेरियम जिवाणूकडून आलेले डीएनएचे तुकडे शोधून काढले. प्रयोगशाळा जन्मण्याच्या हजारो वर्षं आधी निसर्गानं ते रताळ्यात घातले. आषाढीच्या उपवासाला आपण ते बिनधास्त खातो, आणि खायला हरकतही नाही.

बाटलीतली औषधं गुळात उतरतात, हीही एक भीती. लिटरला काही मिलिग्रॅम एवढी मात्रा, रोप बोटभर, त्यापासून टनावारी ऊस आणि तोही दोन-तीन बेणेपिढ्यांनंतर. त्यात भिण्यासारखं काही उरत नाही.

"रोगमुक्तीचा दाखला आहे, म्हणजे गुणसूत्रंही तपासली"

केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २००६ साली टिशू कल्चर रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण व्यवस्था सुरू केली. ही फार चांगली गोष्ट झाली. तिच्यात दोन गोष्टी पाहतात: रोपात विषाणू नाहीत ना, आणि रोप मातृरोपाशी जनुकीयदृष्ट्या जुळतं ना. दुसरी तपासणी डीएनएच्या खुणांवर होते. पण त्या खुणा म्हणजे अफाट मजकुरातली मोजकी ठिकाणं. शंभराहून जास्त गुणसूत्रांपैकी एक कमी असलं तर अशा तपासणीतून ते निसटू शकतं. पेशीतला एकूण डीएनए यंत्रानं मोजण्याची पद्धतही आहे, पण उसात एक गुणसूत्र म्हणजे एकूणाच्या जेमतेम एक टक्का, आणि यंत्राची चूकच साधारण तेवढी.

शेवटी सूक्ष्मदर्शकावर बसणं हाच खात्रीचा मार्ग. रोपाला फुटलेल्या ताज्या पांढऱ्या मुळांची टोकं सकाळी कापायची, पेशीविभागणी मध्येच थांबेल अशा द्रावणात काही तास ठेवायची, मग तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग अ‍ॅसेटिक आम्लात मुरवायची. आम्लात मऊ करून रंग द्यायचा, काचपट्टीवर टोकाचा कणभर भाग ठेवायचा, वर पातळ काच ठेवून अंगठ्यानं सरळ दाब द्यायचा. काच जराशी सरकली की पेशी फाटून हिशेब बिघडतो. उसाची गुणसूत्रं आखूड आणि शंभरावर, एकमेकांवर चढलेली. एका पेशीवर कोणी निकाल देत नाही, नीट पसरलेल्या अनेक पेशी मोजाव्या लागतात. हजारो रोपांचं असं करणं शक्य नाही, म्हणून मातृरोपं आणि प्रत्येक खेपेतली नमुन्याची रोपं तरी मोजावीत, ही मागणी मी रास्त मानतो. बेळगावात साखर संस्था आहे, संकेश्वरला उसाचं संशोधन केंद्र आहे, निपाणीला तंबाखूचं, धारवाडला कृषी विद्यापीठ. सीमाभागाला हे काम करून घेण्यासाठी लांब जायची गरज नाही.

गुणसूत्रं मोजून सगळंच कळतं असंही नव्हे. मलेशियात तेलताडाची टिशूची रोपं लावली गेली आणि ऐंशीच्या दशकात दिसलं की काही झाडांची फळं विचित्र घडणीची येतात, तेल देत नाहीत. गुणसूत्रं पूर्ण, त्यांतली अक्षरंही जागच्या जागी. २०१५ साली कोडं सुटलं: डीएनएवर असलेली मिथाइलची रासायनिक खूण एका ठिकाणाहून पुसली गेली होती. त्या ठिकाणच्या फिरत्या घटकाला शास्त्रज्ञांनी 'कर्म' नाव दिलं होतं. झाड रोपवाटिकेत असताना दोष दिसत नाही, फळ धरल्यावरच उघड होतो. रानातली नजर अजून कोणत्याही यंत्रानं निकामी केलेली नाही ती म्हणूनच.

"वेगळं बेट उपटून टाकलं की विषय संपला"

बेणेमळ्यातून ते काढायलाच हवं, त्याचं टिपरं बेण्यात जाऊ देऊ नये. पण उपटण्याआधी त्याचा फोटो काढावा, रानात ते कुठे होतं ते लिहावं, रोपांच्या ट्रेवरचा खेप क्रमांक जपून ठेवावा आणि रोपं दिली त्यांना कळवावं. कारण साधा गुणाकार आहे. बाटलीत दर फेरीला एकाची तीन रोपं झाली तर आठ फेऱ्यांनी एका कोंबाची ६,५६१ रोपं होतात. बिघाड शेवटच्या फेरीत झाला असेल तर एखादंच रोप वेगळं निघेल. दुसऱ्या फेरीनंतरच्या नऊ रोपांपैकी एकात झाला असेल तर पुढे त्याची ७२९ रोपं होतील, आणि ती एका शेतकऱ्याकडे नव्हे, गावोगाव वाटली जातील. उचगावात चार बेटं, बेकिनकेऱ्यात सहा, कडोलीत पाच, असे आकडे एकाच खेप क्रमांकाखाली जमले तरच प्रयोगशाळेला कळतं की चूक कुठल्या फेरीतली आहे आणि कुठल्या बाटलीची पुढची सगळी ओळ नष्ट करायची आहे.